शिंगराची जन्मखोड

शिंगरू जन्मले की आपल्याकडे माणसे सर्वात आधी त्याचे भोवरे पाहतात. कपाळावरचा भोवरा कुठे बसला आहे, मानेवर देवमण आहे का, चारही पाय नि कपाळ पांढरे असून शिंगरू पंचकल्याण आहे का, ही चर्चा घोडीची वार पडायच्या आधीच सुरू होते. शेपूट उचलून खाली पाहणे, बेंबीला बोट लावून ती ओली की कोरडी हे पाहणे, शिंगरू मुतले का आणि कुठून मुतले हे पाहणे मात्र फारसे कोणाला सुचत नाही. मी सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात पशुवैद्यक म्हणून काम करत आलो. घोड्यांच्या ज्या तक्रारी माझ्याकडे दोन-तीन वर्षे उशिरा आल्या, त्यांतल्या बऱ्याच या दुसऱ्या पाहणीत पहिल्या आठवड्यातच कळण्यासारख्या होत्या. म्हणून हा लेख शिंगरांच्या मूत्रमार्गातल्या आणि प्रजननाच्या अवयवांतल्या जन्मदोषांविषयी आहे. त्यांच्यामागे कधी कधी गुणसूत्रांचा जो घोटाळा असतो, त्याविषयीही आहे.

घोडे कमी, म्हणून दोष जास्त महत्त्वाचा

आमचा तालुका घोड्यांचा म्हणून कोणी ओळखत नाही. उत्तरेला सातपुडा आणि डोंगरापलीकडे बुऱ्हाणपूर, दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, मध्ये कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा. तरीही घोडा इथे आहे. वरातीची घोडी सांभाळणारी कुटुंबे आहेत. मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणाऱ्या मेंढपाळांच्या वाड्यासोबत ओझ्याची तट्टे येतात. अलीकडे काही शेतकऱ्यांनी हौसेने मारवाडी आणि काठियावाडी घोड्या पाळायला सुरुवात केली आहे. ही मंडळी मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याला जातात, काही जण नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जातात. घोडा तिथून येतो आणि पुष्कळदा तिथेच परत विकला जातो.

२०१९ च्या पशुगणनेत देशभरातले घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरले. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. जनावर कमी झाले की नर त्याहून कमी होतात. मग पंचक्रोशीतल्या सगळ्या घोड्या एकाच नामांकित घोड्याकडे नेल्या जातात, आणि त्याच्यात काही आनुवंशिक दोष असला तर तो काही वर्षांत साऱ्या भागात पसरतो. दख्खनच्या भीमथडी घोड्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती अशा नोंदलेल्या जातींच्या रांगेत मराठी मुलखाचे तट्टू जाऊन बसले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण जात टिकवायची म्हणजे नुसती संख्या वाढवायची नसते. कोणता नर घोडीवर सोडायचा आणि कोणता नाही, हेही ठरवावे लागते.

घोडी अकरा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच शिंगरू देते. गायी-म्हशीसारखा दुधाचा पैसा तिच्यात नाही. एक वेत वाया गेले तर मालकाचे वर्ष वाया जाते. म्हणून जन्मदोष लवकर ओळखणे हा माझ्या दृष्टीने आधी घरखर्चाचा प्रश्न आहे, शास्त्राचा त्यानंतर.

पहिले दोन दिवस

निरोगी शिंगरू साधारण तासाभरात उभे राहते, दोन तासांत कासेला लागते, आणि घोडीची वार तीन तासांत पडते. हे बहुतेक पागावाल्यांना ठाऊक असते. लघवीचे वेळापत्रक मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. नर शिंगरू जन्मानंतर साधारण सहा तासांनी पहिल्यांदा मुतते, मादी त्याहून उशिरा, दहा-अकरा तासांच्या आसपास. रात्री व्यालेल्या घोडीचे मादी शिंगरू सकाळी मुतले नाही म्हणून घाबरायचे कारण नाही. दुपार टळली तरी मुतले नाही, तर मात्र डॉक्टरला बोलवावे.

नर शिंगराच्या बाबतीत आणखी एक गैरसमज असतो. जन्माच्या वेळी त्याचे लिंग आतल्या त्वचेला चिकटलेले असते आणि महिनाभर ते बाहेर न येणे स्वाभाविक आहे. तोवर शिंगरू आवरणाच्या आतच मुतते. मालकाला वाटते वाट बंद आहे आणि तो ओढून पाहतो. ओढू नका. धार पडते ना, एवढेच पाहा.

आता बेंबी. गर्भात असताना शिंगराची लघवी मूत्राशयातून बेंबीच्या एका नळीवाटे बाहेर, गर्भवेष्टनाच्या पिशवीत जाते. नाळ तुटली की ही नळी बंद व्हायला हवी. काही शिंगरांत ती उघडी राहते किंवा बंद होऊन पुन्हा उघडते. बेंबी सतत ओली दिसते आणि शिंगरू मुतायला लागले की बेंबीतूनही थेंब पडतात. त्या उघड्या वाटेने जंतू सरळ आत जातात, रक्तात पसरतात आणि सांध्यांत पू धरतो. शिंगरू लंगडते, माणसे पायाला लेप लावत बसतात आणि मूळ बेंबीत राहते. विळ्याने नाळ कापणे आणि दोऱ्याने ती करकचून बांधणे, या दोन्ही सवयी सोडाव्यात. घोडी उठली की नाळ पोटापासून काही बोटांवर, जिथे ती मुळातच बारीक असते, तिथे आपोआप तुटते. तुटलेले टोक क्लोरहेक्सिडिनच्या सौम्य द्रावणात दिवसातून दोन-तीनदा बुडवावे. तीव्र टिंक्चर आयोडीनने कातडी भाजते आणि बरे होण्याऐवजी बिघडते.

सर्वात घातक म्हणजे मूत्राशय फुटणे. हे जास्त करून नर शिंगरांत घडते, कारण त्यांचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असतो. भरलेले मूत्राशय बाळंतपणात घोडीच्या कमरेच्या हाडांतून येताना दाबले जाते आणि वरच्या बाजूला फाटते. काही शिंगरांत तिथली भिंत मुळातच नीट जुळलेली नसते. शिंगरू पहिला दिवस चांगले असते, कासेला लागते, खेळते. दुसऱ्या दिवशी ते मलूल होते, दूध सोडते, पोट दोन्ही बाजूंनी फुगते, आणि ते कुंथू लागते. घरची माणसे म्हणतात, पहिली काळी घाण अडकली असेल, आणि एरंडेल पाजतात. या दोन कुंथण्यांतला फरक डोळ्यांनी कळतो. घाण अडकलेले शिंगरू पाठीची कमान करते, पाय पोटाखाली घेते आणि शेपूट उचलते. लघवीसाठी कुंथणारे शिंगरू पाय मागे ताणते, आणि त्याची पाठ खाली जाते. फुटलेल्या मूत्राशयातूनही थोडी लघवी बाहेर येऊ शकते. म्हणून 'मुतले होते की सकाळी' या वाक्यावर विसंबू नये.

इथे एक गोष्ट पशुवैद्यक मित्रांसाठीही सांगतो. घोडीच्या दुधात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते. पोटात साचलेल्या लघवीतून ते पोटॅशियम पुन्हा रक्तात शोषले जाते. रक्तातले सोडियम उतरते, पोटॅशियम चढते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. अशा शिंगराला घाईने भूल दिली तर ते टेबलावरच जाते. आधी पोटातले पाणी सावकाश काढायचे, नॉर्मल सलाईन आणि ग्लुकोज द्यायचे, पोटॅशियम असलेले रिंगर लॅक्टेट टाळायचे, आणि रक्त जाग्यावर आल्यावरच पोट उघडायचे. पोटातल्या पाण्यातले क्रिएटिनिन रक्तातल्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त भरले, तर निदान पक्के. आमच्या भागातून असे शिंगरू अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेकडे न्यावे लागते. ते वेळेत निघाले आणि वाटेत त्याचे सलाईन चालू राहिले, तर ते वाचण्याची आशा चांगली असते.

मादी शिंगरांत एक दोष हळूहळू कळतो. मूत्रपिंडातून निघालेली नळी मूत्राशयात उघडण्याऐवजी त्याच्या पुढे, मूत्रमार्गात किंवा योनीत उघडते. अशी वछेरी नेहमीसारखी मुततेही आणि मधल्या वेळात सारखी ठिबकतही राहते. मागचे पाय आतून ओले, केस गळालेले, कातडी लाल झालेली. मालक म्हणतो उष्णता आहे, आणि सब्जा भिजवून पाजतो. ही नळी शस्त्रक्रियेने मूत्राशयात जोडता येते, किंवा दुसरे मूत्रपिंड चांगले असेल तर दोषाच्या बाजूचे काढून टाकता येते.

काही शिंगरांत मूत्रपिंडे मुळातच लहान किंवा अर्धवट घडलेली असतात. ती वर्ष-दीड वर्षाची होईपर्यंत फार पाणी पितात, फार मुततात आणि खाऊनही अंग धरत नाहीत. खारपाणपट्ट्यात हे लक्षण सहज नजरेआड होते, कारण जास्त पाणी पिण्याचे खापर आपण खाऱ्या विहिरीवर फोडतो. त्याच विहिरीवर पाणी पिणारी बाकीची जनावरे धष्टपुष्ट असतील, तर या एकाच्या रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

एका अंडाचा घोडा

नर शिंगरांतला सर्वात नेहमीचा जन्मदोष म्हणजे एक किंवा दोन्ही वृषणे खाली न उतरणे. आपल्या पूर्वजांनी हे बारकाईने पाहिले होते. अग्निपुराणात टाळावयाच्या घोड्यांची जी यादी आहे, तिच्यात अजातमुष्क घोडा आहे, आणि जुळा जन्मलेलाही आहे. तंजावरच्या सरस्वती महालात नकुलाच्या नावाने चालत आलेले अश्वशास्त्रही जपलेले आहे. निरीक्षण चोख होते. त्याला अपशकुनाची जोड मिळाली आणि नुकसान तिथून सुरू झाले. अपशकुनी म्हटले की माणूस दोष लपवतो आणि घोडा दूरच्या बाजारात नेऊन विकतो. तिथला मालक काही न कळता तोच घोडा घोड्यांवर सोडतो.

खरा प्रकार असा आहे. गर्भात वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होते. घोड्याच्या गर्भात ते मध्यंतरी इतके मोठे होते की घोडीच्या अंडाशयालाही मागे टाकते. जन्म जवळ आला की ते आक्रसते, एका बंधामागून सरकत जांघेतल्या वाटेने खाली उतरते. जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांत आतली वाट आवळली जाते. तोवर जे पोटात राहिले ते पुढे उतरत नाही. जे जांघेत अडकले ते मात्र दोन-तीन वर्षांच्या वयापर्यंत खाली येऊ शकते. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत दोन्ही बाजूंना हात लावून पाहणे आणि तारीख टाकून लिहून ठेवणे, याला मोल आहे. पोटात राहिलेले बहुधा डाव्या बाजूचे असते.

वरातीसाठी घोडे पाळणारे एक गृहस्थ असाच एक तरणा घोडा घेऊन आले होते.

"साहेब, याले एकच आंड हाये. लोकं म्हणतात अपशकुनी हाय. इकून टाकू का?"

"दादा, दुसरं पोटात राहिलंय, एवढंच. शकुन-अपशकुनाचा काही संबंध नाही. पण याला घोडीवर सोडू नका."

"मंग जे दिसते तेवढंच काहाडून टाका ना. खर्चबी कमी."

"तसं करणार नाही. काढायची तर दोन्ही."

असे का, ते सांगतो. पोटातले वृषण उष्णतेमुळे शुक्राणू तयार करत नाही, पण नराचा रस, टेस्टोस्टेरॉन, ते तयार करतच राहते. दिसणारे एक काढून टाकले की घोडा खच्ची केल्यासारखा दिसतो. तो तसाच विकला जातो आणि नव्या मालकाच्या हाती जातो. वरातीच्या गर्दीत समोर माजावरची घोडी आली की तो उधळतो. त्या वेळी पाठीवर नवरदेव असतो आणि भोवती लहान मुले. म्हणून अशा घोड्याची दोन्ही वृषणे काढणे हाच एक प्रामाणिक उपाय आहे. वागणे विचित्र वाटणारा, खच्ची म्हणून घेतलेला घोडा असेल तर रक्ताच्या तपासणीने खरे काय ते कळते. एचसीजीचे इंजेक्शन देऊन आधीचे आणि नंतरचे टेस्टोस्टेरॉन मोजतात, किंवा एकाच नमुन्यात एएमएच हा संप्रेरक पाहतात. वृषण शरीरात कुठेही असले तर ते तिथे सापडते. या दोषामागे आनुवंशिक धागा असल्याचे जगभरचे अश्ववैद्य मानतात. म्हणून एकच वृषण असलेला घोडा कितीही देखणा असो, तो फळवायला वापरू नये.

त्रेसष्टचा हिशेब

घोड्याच्या प्रत्येक पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या ६२. घोडीला गाढव लावले की खेचराला ३२ अधिक ३१, म्हणजे ६३ मिळतात. या ६३ च्या जोड्या नीट लागत नाहीत, म्हणून खेचर काटक असूनही वांझ असते. हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण निखळ घोडीच्याही पेशीत कधी कधी ६३ गुणसूत्रे निघतात, आणि त्याची कथा वेगळी आहे.

गुणसूत्रे पाहायची कशी, हे सांगण्यासारखे आहे. घोडीच्या मानेच्या शिरेतून हेपॅरिन घातलेल्या नळीत रक्त घेतात. पेशी जिवंत हव्यात, म्हणून रक्त गोठवायचे नाही, उन्हात ठेवायचे नाही आणि एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवायचे. तिथे पांढऱ्या पेशी पोषक द्रावणात, शरीराच्या उष्णतेत सुमारे तीन दिवस वाढवतात. त्या विभागायला लागल्या की कोल्चिसिनसारख्या द्रव्याने ऐन विभाजनात थांबवतात. मग सौम्य क्षारद्रावणाने फुगवतात, मिथेनॉल व ॲसेटिक आम्लात स्थिर करतात, आणि काचपट्टीवर वरून थेंब सोडतात. पेशी फुटून गुणसूत्रे पसरतात. जांभळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली ती स्पष्ट दिसतात. त्यांचा फोटो काढून, लग्नघराच्या दारात चपलांचे जोड लावावेत तशा जोड्या लावतात. साध्या गुणसूत्रांच्या ३१ जोड्या जुळतात, आणि शेवटी उरते ती लिंग ठरवणारी जोडी. घोडीत दोन एक्स, घोड्यात एक एक्स आणि एक वाय. एक्स मोठे असते, वाय अगदी इवले.

काही घोड्यांत ही शेवटची जोडी जुळत नाही. एकच एक्स मिळते, जोडीदार नसतो. एकूण ६३. घोड्यांमध्ये आढळणारा हा सर्वात नेहमीचा गुणसूत्रदोष आहे. माणसांत १९३८ साली हेन्री टर्नर यांनी वर्णन केलेल्या अवस्थेशी त्याचे साम्य आहे. अशी घोडी दिसायला इतर घोड्यांसारखीच, थोडी ठेंगणी असते. शेपटीखाली सारे व्यवस्थित. पण माज अनियमित, किंवा येतच नाही. सोनोग्राफीत अंडाशय सापडणे कठीण, सापडले तर बोटाच्या पेरापेक्षाही लहान आणि त्यात एकही फुगवटा नाही. गर्भाशय पातळ आणि लुळे.

एक गुणसूत्र कमी असूनही बाकी शरीर नीट कसे वाढते? मेरी लायन यांनी १९६१ साली दाखवून दिले की मादीच्या पेशींतले एक एक्स बहुतांशी निद्रिस्त असते. म्हणून एका एक्सवर देह चालतो. पण अंडाशयात बीज घडताना दोन्ही एक्स जागी लागतात. घोडीत दुसरे नसले की बीजे टिकत नाहीत आणि अंडाशय रिकामे राहते. यावर औषध नाही, इंजेक्शन नाही, काढा नाही, नवस नाही. हे घोडीने गाभण असताना काही खाल्ल्याने, ग्रहण पाहिल्याने किंवा खारे पाणी पिल्याने होत नाही. पुंबीज, स्त्रीबीज किंवा पहिल्याच काही पेशी घडताना एक गुणसूत्र मागे राहते, इतकेच. मालकाचा दोष नाही आणि घोडीचाही नाही.

याच कुळीतला दुसरा प्रकार म्हणजे वाय गुणसूत्र असूनही मादी घडलेली घोडी. नरपण सुरू करणारा एसआरवाय हा जनुक १९९० साली माणसांत सापडला. घोड्याच्या वाय गुणसूत्रावरचा हाच भाग गळालेला असला तर गर्भ मादीच्या वाटेने जातो. बाहेरून पूर्ण घोडी, आतून वांझ. उलट काही जनावरांत दोन एक्स असूनही पोटात वृषणासारखा भाग घडतो. शेपटीखाली लिंगासारखा कोंब दिसतो, लघवीची धार मागे जाते, आणि मोठी झाल्यावर ती घोड्यांसारखी चाल करून जाते. अशा शिंगरांना लोक हसतात, फोटो काढतात, आणि मालक लाजेने ते विकून टाकतो. हे जनावर विटंबनेचे धनी नाही. पोटातला तो भाग काढला तर त्याचे वागणे बहुधा निवळते आणि ते कामाचे राहते.

कधी एखादे साधे गुणसूत्र जास्त असते, एकूण ६५. अशी बरीच शिंगरे गर्भातच जातात, जन्मली तर दुबळी आणि वेडीवाकडी असतात. कधी संख्या बरोबर ६४ असते, पण एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जाऊन चिकटलेला असतो. अशी घोडी फळते, आणि थोड्याच दिवसांत गर्भ टाकते, पुन्हा पुन्हा.

गोऱ्ह्यासोबत जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते, हे आपला शेतकरी पिढ्यान्पिढ्या जाणतो. गर्भात दोघांचे रक्त मिसळते, हे कारण फ्रँक लिली यांनी १९१६-१७ च्या सुमारास मांडले. घोडीला हा नियम लावू नये. जुळी शिंगरे जगणेच दुर्मीळ आहे. जगलीच, तर घोड्यासोबत जन्मलेल्या वछेरीच्या रक्तात दोन्ही प्रकारच्या पेशी दिसूनही ती सहसा फळते. म्हणून नुसत्या रक्ताच्या अहवालावर तिला वांझ ठरवू नये. तिचे अंडाशय पाहावेत.

उशीर कोणाला परवडत नाही

घोडी फळत नाही म्हणजे गुणसूत्रांचाच दोष, असेही कोणी समजू नये. घोडी दिवस मोठे होऊ लागले की माजावर येते. हिवाळ्यात तिचा माज थांबणे नैसर्गिक आहे. आधी तिचे वय, खुराक आणि गर्भाशयातला संसर्ग पाहावा, आणि फाल्गुनापासून आषाढापर्यंत दोन-तीनदा सोनोग्राफी करावी. तरण्या, अंगाने चांगल्या घोडीचे अंडाशय प्रत्येक वेळी रिकामेच दिसले, तर मग गुणसूत्रे तपासावीत. कृत्रिम रेतनाच्या वळूंसाठी ही तपासणी आता रूढ झाली आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत त्याचे काम चालते, आणि हिसारला १९८५ पासून राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. घोडीच्या बाबतीत ही सोय तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत अजून पोचायची आहे. प्रत्येक पशुवैद्यकीय महाविद्यालयाने निदान रक्ताचा नमुना स्वीकारून योग्य ठिकाणी पोचवण्याची जबाबदारी घ्यावी, अशी माझी मागणी आहे.

वांझ घोडी निरुपयोगी नसते. एका एक्सची घोडी वरातीत चालते, नाचते, रपेटीला जाते, मुलांना पाठीवर घेते. तिची किंमत त्या कामाची असावी आणि ती उघडपणे ठरावी. तिला 'यंदा फळेल' म्हणून विकणे ही फसवणूक आहे. त्या विक्रीनंतर घोडी हात बदलत राहते, प्रत्येक मालक नवी औषधे भरतो, आणि शेवटी तिच्या खुराकालाच कात्री लागते. हे मी पाहिले आहे, आणि ते थांबवणे आपल्या हातात आहे.

दिवाळी झाली की मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा भरेल. घोडा पाहायला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. भोवरे जरूर पाहा, पण त्यानंतर शेपूट उचलून पाहा, दोन्ही वृषणांना हात लावून पाहा, बेंबीवर जुना फोड किंवा ओल आहे का ते पाहा, घोडी पूर्वी व्याली आहे का ते स्पष्ट विचारा. आणि ज्यांच्या घरी शिंगरू जन्मेल त्यांनी एका वहीत पाच गोष्टी तारखेसह लिहाव्यात: केव्हा उभे राहिले, केव्हा मुतले, बेंबी केव्हा वाळली, दोन आठवड्यांना वृषणे किती हाती लागली, आणि बाप कोण. घोडा विकताना ती वही घोड्यासोबत द्या.